जतन न होणारा अर्ज

दिनांक १५ मे २०२३, सोमवार. वेळ टळटळीत दुपारची. स्थळ नागपूर, हुडकेश्वर. पुढील हकीकत अक्षरशः खरी आहे. भुते केवळ रात्रीच येतात असे मानणाऱ्यांनी ती अवश्य वाचावी.

निवृत्त शिक्षक प्रेमानंद मास्तर यांचा धाकटा भाऊ लहानू पाच वर्षांपूर्वी काटोलच्या संत्रा बाजाराला म्हणून घरून निघाला.

तो परतलाच नाही.

परराज्यांतील निवारागृहांत बेपत्ता माणसांचा शोध घेणाऱ्या एका संस्थेने अर्ज मागवले होते. मुदत त्याच संध्याकाळपर्यंत. लहानू जिता आहे, या एकाच हट्टावर जगणाऱ्या त्यांच्या आई कौसल्याबाई मास्तरांच्या खुर्चीला खेटून बसल्या होत्या.

अर्ज संगणकावरच भरावा आणि ई-मेलनेच पाठवावा, अशी संस्थेची आज्ञा. मास्तरांनी एकेक रकाना आईला विचारून, ऱ्हस्वदीर्घ तपासून भरला. जतन करण्याचे बटण दाबले.

पडद्यावर पाटी उमटली: या अर्जात भरलेली माहिती जतन करता येणार नाही.

पाणी भरायला पाठवायचे आणि हाती चाळणी द्यायची, अशातली ही कारागिरी.

"काहून गा, झालं का?" आईने विचारले.

"नाही, माय. हे बनवणारा बिनबुडाचं मडकं विकूनही वर अक्कल शिकवन."

मास्तरांनी फाइल बंद करून पुन्हा उघडली. सगळे रकाने कोरे...

एक सोडून.

बेपत्ता होतेवेळी अंगावर असलेले कपडे. तिथे मास्तरांनी 'निळा शर्ट, काळी पँट' असे लिहिले होते. आता तिथे एकच शब्द होता...

ओले.

ज्या यंत्राला माणसाचे नाव क्षणभर सांभाळता येत नाही, त्याने स्वतःच्या पदरचा शब्द घालावा, हा उद्धटपणा मास्तरांना सहन झाला नाही. त्यांनी तो खोडला. सारा अर्ज नव्याने भरला.

तेव्हा खुर्चीमागे आवाज झाला...

टप... टप...

नळाला सकाळपासून पाणी नव्हते. कूलरची टाकी कोरडी ठणठणीत होती.

मास्तरांनी मागे पाहिले. फरशी कोरडी. कोणीही नाही.

फाइल पुन्हा उघडली. कपडे: ओले.

आणि त्याखाली, सोबत कोण होते या प्रश्नापुढे...

कोणी नाही.

आवाज थांबला.

पुढे मास्तरांनी हा अर्ज ज्या सॉफ्टवेअरमध्ये उघडत होता, त्याच्या कंपनीला खरमरीत पत्र लिहिले. या अर्जात एक अक्षरही टिकू शकत नाही, असे निर्लज्ज उत्तर आले. निर्लज्ज असो, पण ते खोटे आहे असे मास्तरांना अजून म्हणवत नाही.

त्या दुपारी मात्र आईने काय उमटले ते वाचायला लावले. मास्तरांनी वाचले. हा निव्वळ यंत्राचा गाढवपणा आहे, मुदत अजून संपलेली नाही, आपण पुन्हा भरू, असे ते कितीतरी वेळ सांगत राहिले.

कौसल्याबाईंनी त्यांचा हात कळफलकावरून बाजूला केला.

"राहू दे, प्रेमा. लहानू मेला."