विहिरीमागची फुलं

लांज्याहून रत्नागिरीला निघालेल्या एसटीत शमिकाच्या मागच्या सीटवर कोंबडा आरवला आणि पाठोपाठ एक धून वाजू लागली. ही धून शमिकाला तोंडपाठ होती. बोटीवर नोकरीला असलेल्या बाबांनी ती आठ वर्षांची असताना जपानहून टीव्हीला जोडायचा गेम आणला होता. त्यात शेत करायचं, मुळे पेरायचे, गाईला नाव द्यायचं. त्या शेतावरची प्रत्येक सकाळ याच धुनेने उजाडायची. पण आत्ता ती कशी तरीच वाजत होती. शमिकाने मान वळवली.

"हे अर्धंच वाजतंय," ती म्हणाली.

अनोळखी मुलाशी बोलायची ही काही रीत नव्हे. पण चुकीचं कानावर पडलं की शमिकाला राहवत नाही, हे तिची आई सगळ्यांना सांगत असते. मुलाच्या हातात तोच गेम होता, पण तळव्याएवढा. त्याने तो गंभीरपणे कानाला लावला.

"अर्धं कसं? चार वर्षं हेच ऐकतोय मी."

"मग चार वर्षं अर्धंच ऐकताय. मागे बासरी असते."

त्याने पुन्हा ऐकलं... मान हलवली. "बासरी नाय यात," तो म्हणाला आणि हसला. बाहेर श्रावणातली उन्हासकट सर आली होती आणि खिडकीतून पाणी गळत होतं. बोलता बोलता त्याने शमिकाची पिशवी उचलून स्वतःच्या मांडीवर घेतली, जणू ती रोजचीच. शमिकाने पिशवी परत मागितली नाही.

त्याचं नाव सर्वेश. मिऱ्याला घर, जहाजावर इंजिन रूममध्ये ज्युनियर, आणि पुढच्या बोटीचं बोलावणं येईपर्यंत मोकळा. मोठा गेम त्याने कधी पाहिलाच नव्हता. रविवारी तो शमिकाकडे गेम पाहायला आला. पुढच्या रविवारी पुन्हा आला. मग रविवारची वाट कुणी पाहिना.

आई कोकम सरबत ठेवून जायची आणि ही दोघं टीव्हीसमोर भांडत बसायची. मोठ्यात ऋतू तीस दिवसांचा, छोट्यात दहाच. मोठ्यात नदीला आवाज, छोट्यात नुसता निळा रंग. मोठ्यात गावातली माणसं दर दिवशी नवं काही बोलतात, छोट्यात कोळी वर्षभर एकच वाक्य बोलतो.

"माझं पुस्तक आहे," शमिका म्हणायची, "तुझं गाईड."

"गाईडवरच पास होत आलोय मी," सर्वेश म्हणायचा. "आणि तुझं पुस्तक बोटीवर नेता येतं का? माझं शेत खिशात मावतं."

हे बोलताना तो टीव्हीकडे बघतच नसायचा, तिच्याकडे बघायचा.

गणपती झाले आणि बोलावणं आलं. निघायच्या आदल्या संध्याकाळी मांडवीच्या जेटीवर सर्वेशने तो छोटा गेम तिच्या हातात ठेवला. आठ महिने तिच्याकडेच राहू दे, म्हणाला.

"माझं शेत बघ. विहिरीच्या मागे फुलांचा तुकडा आहे... तो नीट बघ. मग मला सांग. दहा तारखेपर्यंत मी मुंबईतच आहे."

"काय आहे तिथे?"

"बघ ना गो," तो म्हणाला, आणि कानापर्यंत लाल झाला.

शमिका काही खुळी नव्हती. काय असेल याचा अंदाज तिला होता. दुसऱ्या दिवशी दुपारी तिने गेम उघडला. पण हवी ती गोष्ट शेवटी ठेवायची तिची खोड. मोदकाचंसुद्धा आधी आवरण खाणारी मुलगी ती. त्याच्या शेतात लगेच शिरायचं नाही, आधी आपलं नवं शेत करू, तासभर मन शांत करू, असं तिने ठरवलं. तासाभराने गेममधल्या घरात जाऊन पलंगापाशी बटण दाबलं. जपानी अक्षरांत काही तरी प्रश्न आला. मोठ्या गेममध्ये याच जागी 'झोपायचं का?' एवढंच विचारतात. तिने 'हो' केलं.

मोठ्या गेममध्ये पंधरा शेतं जपून ठेवता येतात. छोट्यात फक्त एक. आणि तो प्रश्न होता, जुनं पुसू का?

सर्वेशचं चार वर्षांचं शेत गेलं. शमिकाने गेम दहा वेळा बंद केला, दहा वेळा चालू केला. दर वेळी तिचंच एक दिवसाचं उघडं माळरान समोर येत होतं. ती रडली. आणि मग तिने ते केलं, ज्याला खरं म्हणजे चूक म्हणायला हवं. तिने सांगितलं नाही. आज सांगू, उद्या सांगू, करता करता नऊ तारीख आली आणि त्याचाच मेसेज आला: 'बघितलंस?'

'हो,' तिने लिहिलं. काही तरी आणखी लिहायला हवं म्हणून लिहिलं, 'छान आहे.'

बऱ्याच वेळाने उत्तर आलं. 'ठीक आहे. सांगितलंस ते बरं केलंस.'

नंतर बोटीवरून त्याचे मेसेज आले ते तुटक, पाव्हण्यासारखे. नेटवर्क नसेल, अशी ती मनाची समजूत घालत राहिली. तो आला की समोर बसवून सगळं सांगायचं, रागावला तर रागावू द्यायचं, असं तिने पक्कं केलं होतं. मधे चिपळूणचं एक चांगलं स्थळ आलं. तिने कारण न सांगता परत पाठवलं. आईने खूप खोदून विचारलं, पण ही तोंड उघडेना.

सर्वेश आला तो एप्रिलच्या अखेरीस. पंधरवड्याने त्याच जेटीवर भेटला. उन्हात रापला होता, आणि हातात लग्नाची पत्रिका होती. मुलगी हेदवीची, शाळेत शिक्षिका, नाव सानवी. तो बोटीवर असतानाच घरच्यांनी पाहिली होती, परतल्यावर साखरपुडा झाला.

शमिकाने पत्रिका घेतली. गेम त्याला परत दिला. आणि मग, आठ महिने घोकलेलं सगळं एका दमात सांगून टाकलं — पलंग, प्रश्न, पंधरा आणि एक, आणि खोटं बोललेलं 'छान आहे'.

त्याने गेम चालू करून बघितला.

"म्हणजे तू बघितलंच नाहीस?"

"नाही. काय होतं तिथे?"

"'थांबशील?' असं लिहिलं होतं. पिवळ्या फुलांनी." तो हसायला गेला, पण जमलं नाही. "दुसरी वेलांटी बसेना म्हणून कोंबड्यांचं खुराडं हलवलं मी. आणि तुझं उत्तर आलं, छान आहे. चार महिने विचार करत होतो, 'थांबशील'ला 'छान आहे' म्हणजे काय? मग कळलं असं वाटलं. माझं मन मोडायचं नसेल तुला, म्हणून तसं लिहिलंस."

"मी थांबले होते, सर्वेश," शमिका म्हणाली. "तू विचारलंयस हे ठाऊक नव्हतं, तरी थांबले होते. आत्तापर्यंत... इथे येईपर्यंत."

होड्या परतत होत्या. कोळणी टोपल्या घेऊन धक्क्याकडे निघाल्या होत्या. सर्वेशच्या खिशातला फोन वाजला. त्याने नाव बघितलं आणि वाजू दिला. कुणाचा फोन आहे, हे शमिकाला न विचारताच कळलं. पत्रिका अजून तिच्या हातातच होती.

फोन थांबला. सर्वेश तिच्याकडे वळला. "शमिका, आत्ता जर मी—"

"विचारू नकोस," ती म्हणाली. "विचारलंस तर मी हो म्हणेन."

त्याने विचारलं नाही. मग त्याने फोन काढला, आलेला नंबर लावला आणि कानाला धरून हळूहळू जेटीवरून चालत गेला.