मठाच्या बागेतली फांदी

ही घटना माझ्या स्वतःच्या घरात घडली आहे. ऐकीव नाही. माझा नवरा संजीव अजूनही म्हणतो, "सुचित्रा, हे कुठे लिहू नकोस." म्हणून मठ कुठला, गाव कुठलं, ते सांगणार नाही. बाकी सगळं जसं घडलं तसं.

२०२१चा जुलै. आम्ही मेलबर्नजवळ टार्निटला राहतो. सासूबाई तीन महिन्यांसाठी म्हणून आल्या आणि विमानं बंद झाल्यामुळे दीड वर्ष इथेच अडकल्या.

त्यांना खोकला होता. दोन छोटे ठसके, मग एक लांब. कोविडची टेस्ट निगेटिव्ह. औषधं झाली, काढे झाले. दिवसभर घरात तेच चालायचं. खरं सांगते, माझं डोकं उठायचं.

दोन लॉकडाउनच्या मधल्या एका शनिवारी संजीवने गाडी काढली. दोन तासांवर एक जुना मठ होता. युरोपातून आलेल्या ख्रिस्ती साधूंनी तिथे झाडपाल्याचं औषधालय काढलं होतं. आता तिथे साधू नाहीत, फक्त बघायला लोक येतात.

मास्क लावले, क्यूआर कोड स्कॅन केला, आत गेलो. भिंतभर लाकडी खण. काचेच्या बरण्या. खाली थंडगार दगडी फरशी. माहिती सांगायला ब्रायन नावाचे एक आजोबा होते. मागच्या बागेत त्यांनी आम्हाला करड्या, लवदार पानांचं एक झुडूप दाखवलं.

"धिस वन्स फॉर द चेस्ट," ते म्हणाले. "बट नो पिकिंग, प्लीज. नॉट इव्हन अ लीफ."

हे छातीच्या दुखण्यावरचं आहे, पण एक पानही तोडायचं नाही, असं मी आईंना मराठीत सांगितलं. त्यांनी मान डोलावली.

गाडीत बसलो तर त्यांच्या शालीतून फांदी डोकावत होती!

"अहो आई, विचारायचं तरी!"

"विचारून आणलेलं रोप लागत नाही," त्या शांतपणे म्हणाल्या. "चोरूनच आणावं लागतं. सांगलीच्या माझ्या कुंड्या बघितल्या आहेस ना?"

संजीव हसला. मीही हसले. आपल्याकडे कोण असं करत नाही?

घरी येऊन त्यांनी फांदी कुंडीत खोचली. चार पानं उकळून प्यायल्या.

दुसऱ्या दिवशी उठले तर घर शांत...

खोकला थांबला होता.

आई खूश. मी त्यांच्याहून खूश. इथे जुलैत हिवाळा असतो, पण एवढ्या थंडीत फांदीला पालवीसुद्धा फुटली.

सोमवारी संध्याकाळी मी कणीक मळत होते. आणि आवाज आला...

दोन छोटे ठसके. मग एक लांब.

"आई, परत सुरू झालं का?"

"मी नाही गं," माझ्या पाठीमागून आई म्हणाल्या.

खोकला संजीवच्या खोलीतून येत होता. तो तिथे ऑफिसचं काम करत बसला होता.

त्याचीही टेस्ट निगेटिव्ह. एक्स-रे स्वच्छ. पण जिना चढला तरी त्याला धाप लागायची.

मग पावलं सुरू झाली...

आमच्या घरभर कार्पेट आहे. आवाज मात्र दगडी फरशीवर चालल्यासारखा. सावकाश यायचा, संजीवच्या दाराशी थांबायचा.

परत जाताना कधीच ऐकू आला नाही.

मी म्हटलं, बास. आत्ताच्या आत्ता हे रोप परत देऊन येऊ. गाडीची किल्ली हातात घेतली आणि बातमी आली. लॉकडाउन. घरापासून पाच किलोमीटरच्या पलीकडे जायचं नाही.

"मी तरीही जाणार," मी म्हटलं.

"पोलिसांना काय सांगशील? रोपाला माहेरी सोडायला निघालेय?" संजीव हसला. हसता हसता असा ठसका लागला की त्याचे ओठ निळे पडले.

मी आईंशी बोलणं टाकलं. इतकी चिडले होते.

लॉकडाउन उठला त्याच सकाळी मी आणि आई कुंडी घेऊन निघालो. ब्रायन रागावले नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, "हू इज सिक?"

"माय हजबंड," मी म्हटलं. "हर सन."

ते खाली बसले. मग त्यांनी सांगितलं.

१९१९च्या फ्लूच्या साथीत मठात दोन सख्खे भाऊ होते. थोरला औषधालय बघायचा. धाकटा आजारी पडला. तेव्हा बागेत या जातीचं एकच झुडूप होतं, त्याने त्याला जरा आराम पडायचा. गावातल्या कुणीतरी आपल्या घरच्या आजाऱ्यासाठी ते मुळासकट उपटून नेलं. त्यांचा माणूस वाचला. इकडे धाकटा श्वासासाठी तडफडत राहिला आणि थोरला उशाशी बसून ऐकत राहिला. शेवटपर्यंत.

"ही वॉज अ मंक," ब्रायन म्हणाले. "फर्गिव्हिंग वॉज हिज जॉब. ही नेव्हर डिड."

आईंनी स्वतःच्या हाताने रोप मातीत लावलं. जमिनीला डोकं टेकवलं.

"चूक माझी आहे, महाराज. मला शिक्षा करा. माझ्या पोराला सोडा."

झुडपाचं पानही हललं नाही. वारासुद्धा नव्हता.

आज संजीव कामावर जातो. डॉक्टर म्हणतात, फुप्फुसं उत्तम आहेत. पण संध्याकाळ झाली की त्याची छाती भरून येते, श्वास शिट्टीसारखा वाजतो. दर संध्याकाळी वाटतं, आज राहतोय की जातोय.

विमानं कधीच सुरू झाली, पण आई सांगलीला गेल्या नाहीत. संध्याकाळी त्या संजीवच्या उशाशी बसतात. पलंगापलीकडे एक खुर्ची आहे. ती मी हलवायला गेले तर ओरडल्या, "राहू दे! तो बसलाय!"

मला काही दिसत नाही. फक्त खुर्चीजवळ फार गार लागतं...

परवा मी धीर करून विचारलं, "आई, तो संजीवला न्यायला बसलाय का?"

त्यांनी संजीवचं पांघरूण सारखं केलं.

"नाही गं. तो संजीवकडे बघतच नाही... तो माझ्याकडे बघतो."