होडी डोक्यावर

दुकानात भाड्याने द्यायची एकच होडी उरली होती. तिने पुढचं टोक धरलं, तर मागचं टोक आधीच कुणीतरी धरलेलं! दोघांनाही जंगलातली तीच नदी गाठायची होती. "दोघांची होडी आहे, दोघं जा," म्हणत दुकानदाराने हात झटकले.

मागच्या टोकाला निघाला भूगोलाचा मास्तर. ती दातांची डॉक्टर. तेव्हापासून शेवटचा पेशंट गेला, की दवाखान्यातल्या खुर्चीवर नकाशा पसरायचा, वरचा दिवा ओढून घ्यायचा आणि भांडायचं, हा रोजचा नेम झाला. नदीच्या वाटेत ना गाव ना माणूस, नुसते खडकांवरून उसळणारे खळाळ. आणि मास्तर प्रत्येक खळाळावर लाल पेन्सिलीने फुली मारायचा. फुली म्हणजे तिथे होडी डोक्यावर घेऊन काठाने चालायचं.

आज त्याने आणखी एक फुली मारली आणि तिचं डोकं सटकलं.

"इथेसुद्धा? अहो, इथे तर बदकं पोहतात!"

"खडक आहेत..."

"मग नदीत नाही तर काय गच्चीवर असणार?"

"पण घाई काय आहे?"

"दवाखाना बंद ठेवून येतेय मी! तुमच्या चालीने परत येईपर्यंत माझ्या पेशंटांच्या तोंडाची बोळकी झाली असतील."

तो हसला. त्या हसण्यावर ती हटकून विरघळायची, म्हणून तिने मुद्दाम नकाशाकडे पाहिलं. याचा आपल्या वल्ह्यावर भरवसाच नाही, हे तिला फार लागलं होतं. तळ्यावरच्या सरावात एकदाच तर होडी उलटली होती — आणि तीही यानेच मागून भलतं वल्हं मारल्यामुळे!

"स्पष्ट सांगा. मी सोबत नको असेन, तर होडी तुम्ही न्या. मी नाही येत." तिने वरचा दिवा दूर ढकलला.

मास्तरच्या हातून पेन्सिल पडली. कान लालबुंद झाले.

"नको कसल्या... पाण्यातून गेलो, तर पटकन संपते हो ती नदी. त्यात तुम्ही पुढे बसणार, मला नुसती पाठ दिसणार. चालताना निदान बोलता येतं. आणि परत आल्यावर... नकाशा पसरायला निमित्त काय उरणार?"

आनंदाने रडावं, की याचाच एखादा दात उपटावा, तिला कळेना.

"एवढं सांगायला मला जंगलभर होडी वाहायला लावणार होतात?"

तिने खोडरबर घेतलं आणि भराभर फुल्या पुसल्या. आजची शेवटची मात्र राहू दिली.

"इथे चालू या."

"पण इथे तर बदकं पोहतात!"

"पोहू देत. आणि परत आलो, की दुसरी नदी शोध, मास्तर. नकाशा इथेच पसरायचा."