उलटं करून न पाहिलेलं मशीन

“अशी सुई आता कुठेच मिळत नाही,” दुकानदारानं पुन्हा सांगितलं, आणि समोरच्या उंच तरुणानं पुन्हा तीच सुई काउंटरवर ठेवली, जणू नीट सरळ ठेवली की मिळेल.

ती त्याच्या मागे उभी होती. मशीनच्या तेलाची बाटली घ्यायला आली होती, घाईत होती, आणि दुसऱ्याच्या भानगडीत नाक खुपसायचं नाही असं तिनं त्याच सकाळी ठरवलं होतं. पण सुई दिसली आणि ठरवलेलं सगळं बाजूला राहिलं. त्याच्या कोपराजवळून हात घालून तिनं ती उचलली आणि बोटांत फिरवून पाहिली.

“दांडा गोल आहे हिचा,” ती म्हणाली. “आताच्या सुयांना एक बाजू सपाट असते. तुमच्या मशीनमध्ये खाली गोल बॉबिन नसणार. होडीसारखं लांबट शटल असेल, शिवताना पुढेमागे धावणारं. बरोबर?”

तो वळला. आधी सुईकडे पाहिलं, मग तिच्याकडे… आणि मग सुईकडे परत जायचं विसरला.

“तुम्ही आमच्या घरी येऊन गेलात का?”

“अजून नाही,” ती बोलून गेली, आणि तिचे कान लाल झाले.

दुकानदार हसला. ही आमची सनावळी, म्हणाला. हिला मशीन दाखवा, जन्मसाल सांगेल. शाळेत इतिहासाच्या सनावळ्या पाठ करताना तिचा जीव जायचा, पण शिवणाचं जुनं मशीन समोर आलं की त्याचं साल तिच्या तोंडावर असायचं, म्हणून सगळा बाजार तिला त्याच नावानं ओळखायचा. गल्लीच्या टोकाला तिच्या बाबांचं मशीन दुरुस्तीचं दुकान होतं. बाबा मशीन चालतं करायचे आणि ती ते कुठलं, केव्हाचं हे सांगायची. कुणाला विकायचं असायचं, कुणाला ठेवायचं, कुणाला त्यावरून भावाशी भांडायचं. तिनं एकदा सांगितलं की सांगितलं, मग त्या सालावर कुणी वाद घालत नसे. याचा तिला गर्व होता, आणि तो तिला शोभूनही दिसायचा.

दुसऱ्याच दिवशी तो मशीन कवेत घेऊन दारात उभा. चामड्याच्या बॅगा शिवायचा. हा धंदा त्यानं मामाकडून घेतला होता, आणि मामांनी धंद्याबरोबर जुन्या मशीनांनी भरलेली एक अख्खी शेडही त्याच्या गळ्यात घातली होती. मामा आता मुलीकडे राहायला गेले होते. जाताना बजावून गेले होते की कुठलं काय आहे ते कळल्याशिवाय एकही भंगारात द्यायचं नाही.

“चाकाला धरून उचललंत?” तिनं पहिलं वाक्य टाकलं.

“मग कशाला धरायचं?”

“मानेला. आणि इथे ठेवा, उलटं करून.”

तो बाबांचा नियम होता. मशीनचं तोंड बघायच्या आधी पोट बघायचं. वरून रंग देता येतो, सोनेरी वेलबुट्टी नवी चिकटवता येते, लाकडी पाट बदलता येतो. पण खालची बाजू कुणी सजवत नाही. मशीनचे मुख्य भाग दोन, खालची सपाट बैठक आणि वरचा वाकडा हात, आणि ते एकमेकांना खालूनच बोल्टनं जोडलेले असतात. नंबर असतो बैठकीवर. म्हणजे नंबर सांगतो तो फक्त बैठकीचं साल. हात तिचाच आहे की दुसऱ्या कुणाचा, हे उलटं केल्याशिवाय कळत नाही.

त्यानं हे सगळं हनुवटीला हात लावून ऐकलं. टाका लहानमोठा करायला नुसता स्क्रू असेल तर मशीन जुनं, स्क्रूच्या जागी दांडी असेल तर त्यानंतरचं, आणि ती दांडी वर केली की मशीन उलटं शिवत असेल तर आणखीच अलीकडचं… ती सांगत राहिली, तो मान हलवत राहिला. रॉकेलच्या वासात दुपार कशी सरली ते दोघांनाही कळलं नाही.

“आणि माणूस कुठल्या सालचा, ते कसं ओळखायचं?” निघताना त्यानं विचारलं.

“माणसावर नंबर नसतो.”

“माझा आहे. लिहून देऊ?”

“आधी मशीनचा नीट वाचायला शिका,” ती म्हणाली. पण नंबर लिहून घेतला.

मग बॅगवाला येतच राहिला. एक मशीन नेऊन दुसरं आणायचा. कधी चाकाला आरे असलेलं, कधी हातानं फिरवायचं, कधी इतकं गंजलेलं की बाबांनी नाकाला रुमाल लावला. प्रत्येक वेळी त्याला नवी शंका असायची, आणि तिला त्याची शंका खरी नाही हे कळायचं, तरी ती पूर्ण उत्तर द्यायची. एकदा दोघं एकाच नंबरावर वाकले. तिच्या कपाळावरची बट त्याच्या कानाला लागली आणि त्यानं आकडा चुकीचा वाचला. तिलाही तो आकडा दिसत नव्हता.

बाबा सगळं बघत होते. एक दिवस ते शांतपणे म्हणाले, “मशीन येतंय की मुलगा येतोय, ते एकदा ठरवा. त्याप्रमाणे चहा टाकत जाईन.”

याच दिवसांत संग्रहालयातून निरोप आला. तिथल्या कोठारात जुन्या शिवणयंत्रांचा ढीग वर्षानुवर्षं पडून होता, आणि तो ओळखून, साल लावून मांडायला माणूस हवा होता. शिवणशाळेच्या प्रदर्शनात बाबांच्या दुकानातली मशीनं तिनं साल लावून ठेवावीत, संग्रहालयाच्या बाई येऊन बघतील आणि तिथेच ठरवतील, असं कळवलं होतं. बाई कडक होत्या. एखादं साल चुकलेलं दिसलं की पुढचं बघायलाही थांबत नाहीत, अशी त्यांची ख्याती होती. सनावळीला हे काम हवं होतं. साधंसुधं नाही, अगदी जीव टाकून हवं होतं. उभ्या आयुष्यात तिनं पाहिली नव्हती अशी मशीनं त्या कोठारात होती.

आणि इकडे बॅगवाल्याची शेड रिकामी होत आली.

आता वाचकांपासून काय लपवायचं? सांगूनच टाकते. शेडमध्ये शेवटी उरली होती दोन मोडकी मशीनं, एकाच कारखान्यातली, पण एक आजीच्या वयाचं तर दुसरं नातीच्या. जुन्याचा हात तडकलेला, नव्याची बैठक फुटलेली. या पठ्ठ्यानं जुनी बैठक घेतली, नवा हात घेतला, कानस मारमारून एकावर एक बसवले, सांध्यावर काळा रंग दिला, वर सोनेरी वेलबुट्टी चिकटवली. फसवायचं त्याच्या मनातही नव्हतं. ती उलटं करेल, खाली नवे कोरे बोल्ट बघेल, त्याचा कान पकडेल, आणि मग तो म्हणेल की मशीनं संपली, यायला कारण उरलं नाही, म्हणून हे कारण घरी जोडून आणलं. हे वाक्य त्यानं आरशासमोर घोकलं होतं.

त्या दिवशी तो इस्त्रीचा शर्ट घालून आला. मशीन टेबलावर ठेवलं. त्याच्या अंगठ्याला ओला काळा रंग लागलेला होता, आणि तिनं तो पाहिला. पण पाहिला तो अंगठा. किती लांब बोटं आहेत, सुईनं टोचून टोचून टोकं कशी टणक झालीत… तेवढ्यात तिनं नंबर वाचला आणि पुन्हा बोट ठेवून वाचला.

“अहो, हे आमच्या दुकानातल्या सगळ्यांहून जुनं आहे.”

“नीट बघा,” तो म्हणाला. “ही दांडी…”

“दांडी मागाहून कुणीतरी बसवलेली दिसते.”

“उलटं शिवते ती.”

“हौशी असेल कुणी,” ती हसली. इतकी आनंदानं हसली, की तो घोकलेलं वाक्यच विसरला. बाबा आतून आले, तिच्या तोंडून साल ऐकताच त्यांनी त्याच्या पाठीवर थाप मारली आणि प्रदर्शनात हेच मधोमध ठेवायचं म्हणून जाहीरही करून टाकलं. तिनं लगेच ठळक अक्षरात सालाची पाटी लिहिली. त्यानं ती वाळेपर्यंत धरून ठेवली. घरी जाताना मात्र तो दोनदा दुकानाकडे वळला आणि दोनदा तसाच परत फिरला.

प्रदर्शनाच्या सकाळी बाई यायच्या आधी तो धावत शिवणशाळेत पोचला. डोळे तारवटलेले, केस विसकटलेले. तिला खिडकीपाशी बाजूला घेऊन त्यानं सगळं सांगितलं, एका दमात, मधे कुठेही न थांबता. सांगून झाल्यावर म्हणाला, “बाईंना माझं नाव सांगा. म्हणा, यानं मला फसवलं. खोटं नाही ते.”

 रागानं तिच्या नाकाचा शेंडा लाल झाला होता.

“इतके दिवस तोंडाला कुलूप लावलं होतंस?” ती अहोजाहो विसरली होती.

“तू हसलीस ना… मग काही सुचलंच नाही.”

ती मशीनकडे गेली. पाटी काढून घेतली असती तर कुणाला कळलंही नसतं. पाटी दुकानात विसरली, एवढं म्हणायचं की काम झालं. मागे उभं राहून सगळं ऐकलेल्या बाबांनीही डोळ्यांनी तेच सुचवलं. पण दांडी तिच्या डोळ्यासमोर होती, लखलखीत, ढळढळीत. पहिल्या दिवशी त्याला आपणच शिकवलं होतं ते, आणि आपणच ‘हौशी असेल कुणी’ म्हणून उडवून लावलं. त्याचा राग येत होता, पण तो राग फार वेळ त्याच्यावर टिकेना.

बाई आल्या. चष्मा नाकावर, चाल सरळ. एकेक मशीन बघत, एकेक पाटी वाचत त्या मधल्या टेबलापाशी आल्या आणि वाकल्या.

“हे साल चुकलंय,” सनावळी म्हणाली. बाईंनी तोंड उघडायच्या आत. आणि सगळ्यांसमोर तिनं मशीन मानेला धरून उलटं केलं. “बैठक खरंच त्या सालची आहे. हात पुष्कळ नंतरचा. हे बोल्ट बघा, नवे आहेत. ही दांडी बघा, बैठकीच्या काळात असली दांडी नव्हतीच. पाटी मी लिहिली आहे. चूक माझी आहे.”

बाई बोल्ट बघत राहिल्या. मग चष्म्यावरून तिच्याकडे. “बाकीच्या सगळ्या पाट्या अचूक आहेत. आणि हे तर पोरासोरांनाही कळावं. उलटं का नाही केलंत?”

 खिडकीपाशी बॅगवाला एक पाऊल पुढे आला. खोटं बोलायला जागा होती. अंधार होता, घाई होती, बरं नव्हतं, काहीही चाललं असतं. पण सनावळीनं मान वर केली.

“कारण मी मशीनकडे बघतच नव्हते,” ती म्हणाली. “मशीन घेऊन आला होता त्याच्याकडे बघत होते.”

बाबांच्या हातातला पाना जमिनीवर पडला. बाईंनी वळून खिडकीकडे पाहिलं, त्या उंच, विसकटलेल्या, कानापर्यंत लाल झालेल्या मुलाकडे, आणि बराच वेळ, एखाद्या वस्तूची नोंद करावी तसं न्याहाळलं.

“आमच्या कोठारात बघण्यासारखं कुणी नाही,” त्या कोरड्या आवाजात म्हणाल्या. “एक पाल आहे आणि मी आहे. तेव्हा तिथे ही अडचण यायची नाही. सोमवारपासून या. आणि ते मशीन असंच उलटं ठेवा, लोकांना शिकायला बरं.” एवढं बोलून त्या पुढच्या टेबलाकडे गेल्या.

संध्याकाळी हॉल रिकामा झाला. बाबांना अचानक कुठलंसं काम आठवलं आणि ते घाईघाईनं निघून गेले. दोघं पायऱ्यांवर बसले, मधे एका माणसाची जागा ठेवून.

“सगळ्या गावासमोर बोललीस,” तो म्हणाला.

“मग? तू बोलणार होतास का?”

“मी आरशासमोर बोललो होतो.”

“आरशाला काय म्हणालास?”

त्यानं एकदा रस्त्याकडे पाहिलं, एकदा आभाळाकडे, मग धीर करून तिच्याकडे. “म्हणालो की मशीनं संपली. यायला कारण उरलं नाही. आणि… तू मला फार आवडतेस. कारण नसलं तरी यावंसं वाटतं. रोज.”

तिला हसू आलं, आणि ते तिनं लपवलं नाही. त्याच्या या शेवटच्या कामाबद्दल तिला अजून बरंच काही ऐकवायचं होतं. त्या कानस मारलेल्या सांध्याबद्दल, त्या वाकड्या चिकटवलेल्या वेलबुट्टीबद्दल. पण ते नंतरही ऐकवता आलं असतं. नंतर भरपूर वेळ असणार होता, याची तिला आता खात्री होती.

“मलाही आवडतोस,” ती म्हणाली. “सुईपासून. उद्या ये. पण रिकाम्या हातानं ये.”

तो दुसऱ्या दिवशी आला. दुकानाच्या दारात उभा राहिला. कवेत मशीन नाही, खिशात सुई नाही, ओठांवर शंका नाही. इतके दिवस काहीतरी उचलूनच आत यायची सवय, त्यामुळे हातांचं काय करावं ते त्याला कळेना. एक खिशात घातला, बाहेर काढला, पाठीमागे नेला, पुन्हा पुढे आणला. बाबा चहा टाकायला आत गेले. तिनं हातातलं तेलाचं फडकं खाली ठेवलं, उठली आणि त्याचा तो गोंधळलेला हात आपल्या हातात घेऊन त्याला आत घेऊन आली.