वहीतला आठवा मजला

नांदेडला वजिराबादेत ग्यानोबाचं मिक्सर-टीव्ही दुरुस्तीचं दुकान आहे. रविवारी दुपारी दोनला तो शटर अर्धं खाली ओढायचा आणि आम्ही चौघं आत बसायचो. मी, माझी बायको सिंधु, ग्यानोबा आणि कॉलेजात शिकवणारी लुंबिनी. मी रेल्वेत सिग्नल मेंटेनर होतो. मुदखेडच्या क्वार्टरवरून आम्ही दोघं पॅसेंजरनं यायचो. स्टेशनातून बाहेर पडताना सिंधु दर वेळी म्हणायची, "हळू चाला हो. तुमच्या नऊ पावलांना माझी अकरा होतात."

आम्ही व्हिडिओ गेम खेळायचो. साठीला आलेल्या माणसानं हे सांगणं बरं दिसत नाही, पण खेळायचो. कुणीतरी दुरुस्तीला टाकून परत न नेलेलं कॅसेटचं जुनं मशीन होतं. आमचा मिक्सर दुरुस्तीला नेला होता, तो होईपर्यंत सिंधु त्या मशीनसमोर बसली, आणि मिक्सर झाला तरी उठली नाही. कॅसेटवरचं स्टिकर उडालेलं. आम्ही त्या खेळाला मनोरा म्हणायचो. चार गडी एकामागं एक मनोरा चढतात. सगळीकडं अंधार, पायाजवळची एकच चौकट दिसते. लढाई आली की ज्याचा गडी त्यानं बटण दाबायचं. त्यासाठी रिमोट हातोहात फिरायचा.

सगळ्यात पुढं सिंधुचा गडी. चालायचं बटण मी दाबायचो आणि ती मांडीवर चौकटीची वही घेऊन नकाशा काढायची. एक पाऊल, एक चौकट. लुंबिनीनं एकदा मोबाइलवर नकाशा शोधला. या कॅसेटचं नावसुद्धा सापडलं नाही. सिंधुला उलट आनंद झाला. तिचा नियमच होता, पाय पडल्याशिवाय रेघ नाही. एकदा पुढं भिंत दिसतच होती म्हणून मी म्हणालो, काढून टाक. तिनं आधी मला भिंतीपर्यंत चालायला लावलं.

"रेल्वेचा माणूस असून रस्ता चुकून राहिले, रामलिंगराव," ग्यानोबा म्हणायचा. "वहिनी हायत म्हणून घरी तरी पोचता."

नकाशात ती स्वतःसाठी टिकली काढायची आणि माझ्यासाठी छोटा चौकोन.

चार मजले झाले आणि ती आजारी पडली. चौघं असल्याशिवाय मशीन लावायचं नाही असं ठरलेलं होतं. म्हणून मशीन बंद राहिलं.

लातूरला दवाखान्यात ती तेवीस दिवस होती. आठवड्यानं तिनं वही मागितली. डाव्या हाताला सलाईन, उजव्या हातानं रेघा. मधेच थांबायची, ओठ हलायचे, मग पुढची रेघ. मला वाटलं, औषधाची गुंगी.

"काय करून राहिली?"

"पुढं बघून येते. तुम्हाला अंधारात चालता येत न्हाई."

शेवटच्या संध्याकाळी हात फार थरथरत होता. मी पेन्सिल काढून घेतली. "बस कर आता. झोप."

"एकच राहिला हो," ती म्हणाली. पेन्सिल परत मागितली नाही. मी ती शर्टाच्या खिशात ठेवली. सकाळी सिंधु गेली. मातीला उभा होतो तेव्हाही पेन्सिल खिशातच होती.

हे जूनमधलं. सप्टेंबरात मी रिटायर झालो, क्वार्टर सोडलं. नांदेडातच तरोडा नाक्याकडं वरच्या मजल्यावर एक खोली भाड्यानं मिळाली. खोली नवीकोरी, जूनमध्ये तिथं नुसते कॉलम उभे होते. प्लॉट नाल्यानं कापलेला असल्यानं एका कोपऱ्यात भिंत तिरकी आहे आणि त्या तिरक्या भिंतीत खिडकी. सामान फार नव्हतं. खाट, स्टोव्ह, तिची पेटी.

डिसेंबरात ग्यानोबाचा फोन आला.

"कॅसेटमधला सेल संपत आला. खेळ त्याच्यावरच साठून राहतो. सेल गेला की सगळं पुसलं जाईल. वहिनीचा गडी बी."

"नवा सेल टाक."

"टाकायला काढला की तेव्हाच पुसतंय. तुम्ही या. आहे तोवर मनोरा पुरा करू."

पेटीतून वही काढून मी गेलो. तिघंच होतो. सिंधुच्या स्टुलावर कुणी बसलं नाही. पडद्यावर तिचा गडी सगळ्यात पुढं उभा होता. चौथ्या मजल्याच्या जिन्याशी, आम्ही सोडला तिथंच. माझ्याच्यानं बटण दाबवेना. लुंबिनीनं वही उघडली.

"काका, पाचव्याचा नकाशा हाय की."

"दवाखान्यातल्या रेघा आहेत त्या. गुंगीत काढलेल्या."

"सहा सरळ," ती वाचू लागली. "मग डावीकडं तीन."

मी चाललो. सहा सरळ, डावीकडं तीन. दार होतं. वहीतही दार होतं.

पुढं एका चौकटीवर फुली होती. "बघू तरी," म्हणून ग्यानोबानं हसत मला तिच्यावर पाय टाकायला लावलं. खड्डा होता, चौघंही गडी खालच्या मजल्यावर पडले. त्यानंतर दुकानात कुणी हसलं नाही.

लुंबिनी पुन्हा पुन्हा विचारत होती, "काकू एकट्या कधी आल्या होत्या का इथं?" ग्यानोबा मान हलवत होता. "किल्ली माझ्यापाशी. मशीनला हात कुणाचा न्हाई लागला."

त्या रविवारी पाचवा झाला, पुढच्या रविवारी सहावा. एकही वळण चुकलं नाही. रेघा मात्र पानागणिक वाकड्या होत गेल्या होत्या. सहाव्याच्या कोपऱ्यात सलाईनच्या पाण्याचा डाग होता. मला त्या रेघांत तिचा हात दिसायचा. मी अडवलं नसतं तर ती अजून किती चालली असती, हेच डोक्यात यायचं.

तिसऱ्या रविवारी सातवा. वर एक दिवा होता. चौघांचे गडी त्याच्याभोवती उभे राहिले. दिवा लागला, संगीत वाजलं, मनोरा संपला. लुंबिनी रडत होती. मी सिंधुच्या गड्याकडं बघत होतो. मग पडदा काळा झाला.

ग्यानोबानं मशीन बंद करून पुन्हा लावलं. नवीन खेळ सुरू करा, एवढंच आलं.

"गेला," तो म्हणाला.

मी वही मागितली. लुंबिनीनं ती दिली नाही. तिनं पान उलटलं होतं.

"काका, अजून एक पान हाय."

आठवं. मजले तर सातच होते. पान जवळजवळ कोरं. एकच खोली, आणि तिचा एक कोपरा कापलेला. रेघा सरळ होत्या. हात थरथरलेला नव्हता.

"मनोऱ्यात तिरकी भिंत एक बी न्हाई," लुंबिनी म्हणाली. "हे मनोऱ्यातलं न्हाई, काका."

मी उठलो. वही घेऊन ऑटोनं घरी आलो.

चार वाजले होते. खोलीत ऊन होतं. मी दारात उभा राहून वही समोर धरली.

दार दाराच्या जागी. मोरी मोरीच्या जागी. तिरक्या भिंतीत खिडकी.

माझा चौकोन खाटेवर.

खिडकीशी टिकली.

दारापासून टिकलीपर्यंत बारीक ठिपके, आणि शेजारी तिच्या अक्षरात आकडा. अकरा.

मी चपला काढल्या. दारापासून खिडकीपर्यंत पावलं मोजत गेलो.

नऊ भरली.