समुद्राने दिलेलं

माझ्या चित्राला नाक टेकेल इतक्या जवळ एक माणूस उभा होता. प्रदर्शन उद्या उघडणार, दालनात अजून खिळे ठोकणं चाललेलं, आणि हा आत आलाच कसा?

"हात लावू नका," मी म्हटलं. "मेण आहे ते."

"नाही लावत. पण हे अक्षर माझ्या बापाचं आहे."

मी हसणार होते... पण तो वळला आणि हसू ओठांतच राहिलं. भुवयांत लाकडाचा भुसा, डोळे लाल. अन्फूशीच्या किनाऱ्यावर होड्यांच्या कारखान्यात काम करणारा उस्ता, म्हणजे मुख्य कारागीर, रुश्दी. सात महिने रोज सकाळी मी तिथल्या किनाऱ्यावर शिंपले, जाळ्याचे तुकडे वेचत होते आणि हा होडीच्या सांगाड्यावर बसून रंधा मारत असे. 'सबाह एल-खैर', शुभ सकाळ, एवढंच काय ते आमचं बोलणं.

"होडीच्या फासळ्यांची मापं आहेत ती," तो म्हणाला. "आमच्यात मापं कुणी लिहीत नाही, नजरेनंच घेतात. बाबांनी शेवटच्या आजारपणात एकदाच लिहिली, माझ्यासाठी. होडी अर्धी उभी आहे, इंजी बाई. पुढची फासळी कापता येत नाही."

मी हादरलेच. चित्रात चिकटवलेला तो कागद मला वाळूत मिळाला होता. मधमाश्यांचं मेण वितळवून, राळ घालून त्यावर मी सतरा थर चढवले होते. मधेमधे समुद्री गवत, शिंपल्यांचा चुरा. प्रदर्शनातलं सगळ्यात मोठं चित्र. उद्या कैरोहून त्याच्यासाठीच माणसं येणार होती.

"फोटो काढून घ्या ना..."

"अर्धे आकडे मेणाखाली दिसतच नाहीत. बघून झालं माझं."

मी मेण वितळवायची हीट गन उचलली. त्याने वायर धरली.

"अहो, चित्र जाईल तुमचं."

"आणि चुकीच्या मापाची होडी माणसांसकट बुडाली तर? सोडा ती वायर."

मेण ओघळायला लागलं. माझी सात महिन्यांची निळाई डोळ्यांदेखत चिखल झाली. मला रडू आलं आणि मी ते लपवलंही नाही. चिमट्याने हलकेच सोलून कागद त्याच्या हातावर ठेवला, तेव्हा आकडा न आकडा शाबूत होता.

"माफ करा," मी म्हटलं. "मला वाटलं, समुद्राने दिला."

भिंतीवरच्या पाटीवर माझंच वाक्य ठळक अक्षरांत होतं — 'इथलं सगळं मला समुद्राने दिलं.' तो ते वाचत राहिला. कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"समुद्राने नाही... मी."

"काय?"

"ते तांब्याचे खिळे. निळ्या रंगाचे पोपडे, जाळी. तुम्ही यायच्या आधी लाटांच्या रेघेवर मीच ठेवायचो. एकदा घाईत जुन्या कागदांबरोबर हा कागदही तिथे ठेवला गेला."

मी मटकन खाली बसले. एकेका चित्राकडे पाहिलं. खिळे, पोपडे, जाळी... सगळीकडे हाच. आणि मी अख्ख्या अलेक्झांड्रियाला सांगत सुटले होते की समुद्र माझ्याशी बोलतो.

"तोंडाने बोलता येत नव्हतं?"

"काही सापडलं की तुम्ही एकट्याच हसायच्या," तो पुटपुटला. "बोललो असतो तर तुम्ही किनाराच बदलला असता."

मला राग आला होता, खरंच. इतके दिवस मूर्ख बनल्यावर कुणालाही येईल. पण राग काही टिकेना. छातीत भलतंच धडधडत होतं, आणि तो वेडा, कागद उराशी धरून, शिक्षेची वाट बघत उभा होता.

मी उठून भिंतीवरची ती पाटी काढून टाकली.

"आता तिथे काय लावणार?"

"खरं काय ते. आणि यापुढे वाळूत काही ठेवायचं नाही, रुश्दी. हातात द्यायचं."

"आत्ता माझ्याकडे काहीच नाही... काय देऊ?"

"मग हातच दे."

त्याने दिला. खरखरीत, कोमट, मेणाने माखलेला. बोटं चिकटली, आणि दोघांपैकी कुणालाच ती सोडवायची घाई नव्हती.