देवदाराखालची रेघ

पहिल्यांदा तो मला दिसला तेव्हा माणूस नव्हता, रेघ होता.

एप्रिल संपत आला होता. अझरू गावाच्या वरच्या जंगलात, राष्ट्रीय उद्यानाच्या कडेला, तिपाईवर कॅमेरा लावून मी वीस मिनिटं शटर उघडं ठेवलं होतं आणि थंडीला घाबरून बाबांच्या जुन्या गाडीत जाऊन बसले होते. इतका वेळ शटर उघडं राहिलं की तारे ठिपके राहत नाहीत, आभाळभर गोल रेघा ओढतात. मला तेच हवं होतं. मधोमध म्हातारा देवदार, वर ताऱ्यांची वर्तुळं, बाकी काळोख.

परत येऊन बघते तर देवदाराखालच्या उतारावरून आडवी, पिवळीधमक रेघ. दिवा घेऊन कुणीतरी खुशाल माझ्या फोटोतून चालत गेलं होतं.

माझं डोकं सटकलं. दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा लावला कॅमेरा. पुन्हा रेघ. तिसऱ्या संध्याकाळीही. आणि तिन्ही फोटोंत रेघेवर चार गाठी, अगदी त्याच चार जागी. म्हणजे दिवा तिथे थांबत होता. शेवटची गाठ सगळ्यांत मोठी... तिथे तो बराच वेळ थांबत असणार. कशासाठी?

राग एकीकडे आणि हे कुतूहल एकीकडे. खरं सांगायचं तर कुतूहलच जास्त.

राग का, तेही सांगते. बाबांनी मला एक वर्ष दिलं होतं. ते अझरूत देवदाराच्या लाकडावर नक्षी कोरतात, आणि बोलतातही तसेच, मोजून. “एक वर्ष जंगलात फिर, तूदा,” ते म्हणाले होते. “त्यातून काही झालं तर झालं. नाहीतर मेकनेसला आत्याच्या स्टुडिओत बस. नवऱ्या मुली आणि पासपोर्ट.” आणि काही होण्याची एकच वाट होती. रबातमध्ये प्रदर्शन भरवणाऱ्या एक बाई होत्या. त्यांना एकाच जागेचे चार ऋतूंतले चार फोटो हवे होते. आकाश स्वच्छ हवं, आणि नंतर फोटोत काही पुसायचं नाही, जोडायचं नाही. माझ्या वसंतातून मात्र एक माणूस रोज फिरायला जात होता.

चौथ्या दिवशी दिवेलागणीला मी त्या गाठी शोधायला उतारावर गेले. पहिल्या गाठीच्या जागी एक जाड देवदार निघाला, खाली माकडांची विष्ठा आणि केस. दुसऱ्या जागी तेच. तिसऱ्या झाडाखाली मी गुडघ्यांवर बसून जमीन बघत होते, तेवढ्यात मागून आवाज आला.

“काही हरवलंय?”

वनरक्षकाचा हिरवा कोट, गळ्यात दुर्बीण, हातात दिवा. तोच दिवा.

“फोटो हरवलेत,” मी म्हटलं. “तीन. तुमच्यामुळे.”

“माझ्यामुळे? मी शेवटचा फोटो काढला तो ओळखपत्रासाठी.”

“आता तीन वेळा निघालाय. न विचारता घुसलात.”

मी कॅमेऱ्याचा पडदा त्याच्यापुढे धरला. तो वाकून बघत राहिला, बघतच राहिला.

“हा मी?”

“तुम्हीच.”

“बरा आलोय,” तो म्हणाला.

मला हसू आलं, ते मी दाबलं. त्याचं नाव हम्मू. ती झाडं माकडांच्या झोपण्याची होती. आमची ती बिनशेपटीची माकडं अंधार पडताना तीन देवदारांवर चढायची आणि तो खालून त्यांची मोजणी करायचा. पिल्लं नुकतीच जन्मली होती आणि पिल्लं चोरणारे याच दिवसांपासून येऊ लागतात. शहरातल्या चौकात साखळीला बांधलेलं पिल्लू कुणी पाहिलं नाही?

“मग दिवा कशाला?” मी विचारलं. “अंधारात लपून बसायचं, चोराला पकडायचं.”

“पकडून काय करू? पिल्लू आईपासून सुटलं की निम्मं मेलंच. चोर येऊच नये, म्हणून दिवा. खालच्या रस्त्यावरून दिसतो. कुणीतरी जागं आहे, एवढं कळलं की परत जातात.”

“वीस मिनिटं. फक्त वीस मिनिटं बंद ठेवा.”

“आणि चोराला काय सांगू? बाबा रे, बाईंचा फोटो होईपर्यंत थांब?”

मग मी दुसरीकडून शिरले. “बरं, तीन झाडं कळली. चौथ्या ठिकाणी का थांबता? तिकडे कड्यावर तर झाडच नाही.”

तो दिव्याचं बटण खालीवर करू लागला.

“दम लागतो.”

“उतारावर?”

“दिवा... जड आहे.”

दिवा एका बोटावर लटकत होता.

त्यानंतर महिनाभर ढग आणि पाऊस. वसंताचा फोटो रेघेसकटच राहिला. एक गेला तर गेला, उरलेले तीन स्वच्छ काढू, अशी मी मनाची समजूत घातली.

उन्हाळ्यात मी दिवसा माकडांचे फोटो काढायला जाऊ लागले. वाट नेमकी हम्मूच्या चौकीवरून जायची. दुसरी वाट होती, पण ती लांबची होती. बरीच नाही, थोडी.

एकदा आम्ही दोघं झुडपाआड बसलो होतो. समोर दोन नर एकमेकांवर दात विचकत होते. मग त्यातला एक उठला, जवळचं एक पिल्लू उचललं, छातीशी धरलं आणि तसाच दुसऱ्यापुढे जाऊन बसला. दुसऱ्याचा राग कुठच्या कुठे गेला. दोघं पिल्लावर वाकून दात वाजवत कौतुक करू लागले.

“पिल्लू त्याचं आहे?” मी हळूच विचारलं.

“कुणाचं का असेना. जवळ जायचं तर रिकाम्या हाती जायचं नाही, एवढं त्यांना कळतं.” तो माझ्याकडे न बघता म्हणाला, “आपणही जातोच की. मुलीला मागणी घालायला तिच्या दारात साखरेची ढेप घेऊन.”

“तुम्ही किती दारांत जाऊन आलात?”

“एकाही नाही. साखर महाग झालीय.”

त्यानंतर तो माझ्याकडे कधी रिकाम्या हाती आला नाही. देवदाराचं बोंड, कोल्ह्याचा पडलेला दात, घुबडाचं पीस, त्याच्या आईने भाजलेली जवाची भाकरी. माझ्या गाडीत ठेवायला जागा उरेना.

आणि जुलैत त्याने माझं ऐकलं. वीस मिनिटं तो दिवा घेऊन टेकडीच्या मागच्या वाटेने फिरला; तिथून दिवा रस्त्याला दिसायचा, कॅमेऱ्याला नाही. पिल्लं राखली गेली आणि मला उन्हाळा मिळाला. स्वच्छ, काळाभोर, एकही डाग नाही. घरी येऊन मी तो वसंताच्या फोटोशेजारी ठेवला आणि माझी नजर सारखी वसंताकडे जाऊ लागली. उन्हाळ्याच्या फोटोत काहीतरी कमी होतं. काय ते कळत होतं, पण मान्य कोण करणार?

ऑक्टोबरात ओकची पानं पिवळी झाली. त्या संध्याकाळी मी शटर उघडलं, आणि मागच्या वाटेने जायच्या ऐवजी हम्मू चहाची किटली घेऊन माझ्याजवळच आला. वारा होता, म्हणून आम्ही खडकाच्या आड बसलो, रस्त्याकडे पाठ करून.

“आज फेरी नाही?” मी विचारलं.

“वीस मिनिटांनी जातो.” त्याने दिवा विझवला. “आज... इथेच बसावंसं वाटतंय.”

चहात पुदिना जास्त झाला होता. मी तसं म्हटलं. तो म्हणाला, पुदिना बरोबर आहे, तुझी जीभच तिखट आहे. आम्ही तारे बघत होतो असं मी कुणालाही सांगेन, पण आम्ही तारे बघत नव्हतो.

वीस मिनिटांनी मी पडदा पाहिला. आकाश स्वच्छ होतं. पण अगदी खाली, रस्त्यावर, एक बारीक लाल रेघ होती आणि रेघेच्या टोकाला गाठ. दिवे बंद करून आलेल्या गाडीने ब्रेक दाबला होता. कॅमेऱ्याने जे पाहिलं ते आम्ही दोघांनी पाहिलं नव्हतं.

हम्मू धावला. मी त्याच्यामागे, ठेचकाळत. आमची चाहूल लागताच कुणीतरी झाडीतून पळालं, गाडीचा आवाज झाला, आणि वाटेवर एक गोणपाट पडलेलं दिसलं. ते हलत होतं. हम्मूने गाठ सोडली. आतलं पिल्लू बाहेर आलं, कापत, आवाजही न करता. मग देवदारावरून एक मोठा नर सावकाश खाली उतरला, त्याने आमच्याकडे पाहिलं, पिल्लू छातीशी धरलं आणि वर गेला.

मी रडत होते. हम्मूने रिकामं गोणपाट उचललं.

“वाचलं ना,” मी म्हटलं.

“वाचलं. माझ्यामुळे नाही.” त्याने दिवा लावला. “आता हा बंद होणार नाही, तूदा. तुझ्यासाठीही नाही.”

तो रागावला असता तर मी भांडले असते. पण त्याला स्वतःचीच लाज वाटत होती, आणि मला माझी. मी चौकीच्या वाटेने जाणं सोडलं. लांबची वाट खरंच लांब होती.

जानेवारीत गुडघाभर बर्फ पडला. फोटो पोचवायला दोनच आठवडे उरले होते. आत्याचा फोन आला होता, स्टुडिओत माझ्यासाठी खुर्ची घेतल्याचा. आभाळ स्वच्छ असलेल्या पहिल्या संध्याकाळी मी वर गेले. दिवा बंद ठेव म्हणून मी निरोप पाठवला नाही. पाठवणारही नव्हते. शटर उघडलं आणि या वेळी गाडीत बसले नाही, कॅमेऱ्याशेजारी उभी राहिले.

पाच मिनिटं गेली. उतार काळा होता. बघा गंमत, वर्षभर जी रेघ नको होती, तिच्यासाठी माझा जीव टांगणीला लागला. आजारी असेल का? बदली झाली असेल का?

मग डावीकडे दिवा दिसला. पहिल्या झाडाखाली थांबला. दुसऱ्या, तिसऱ्या. मग कड्यावर गेला आणि तिथे थांबला. एक मिनिट, दोन मिनिटं... आणि वळून परत जायच्या ऐवजी दिवा खाली उतरू लागला. सरळ माझ्याकडे.

शटर मिटलं असतं तर फोटो वाचला असता. बोट बटणावर होतं. मी हात काढून खिशात घातला.

बर्फ तुडवत तो आला. भुवयांवर बर्फ, श्वास फुललेला.

“फोटो चालू आहे?” त्याने विचारलं.

“हो.”

“म्हणजे मी पुन्हा घुसलो.”

“हो.”

“बंद करू दिवा?”

“नको,” मी म्हटलं. “आधी सांग, तिथे कड्यावर का थांबतोस?”

त्याने भुवयांवरचा बर्फ पुसला. मग म्हणाला, “तिथून तुझ्या कॅमेऱ्याचा लाल ठिपका दिसतो. एप्रिलमध्ये वाटलं, चोर आहे. म्हणून थांबून बघायचो. नंतर... चोर नाही हे कळलं होतं, तरी थांबायचो. तू यायची बंद झालीस, तरी रोज थांबतो. माझं प्रेम आहे तुझ्यावर, तूदा. त्या रात्री चूक माझी होती, तुझी नाही. एवढं सांगायला आलो.”

“रिकाम्या हाती?” मी विचारलं, कारण दुसरं काही बोलले असते तर रडले असते.

त्याने दिवा माझ्या हातात दिला. त्याची बोटं बर्फासारखी गार होती. मी ती सोडली नाहीत.

चारही फोटो जसे होते तसे रबातला पाठवले. आठवड्याने त्या बाईंचा फोन आला. “मी स्वच्छ आकाश मागितलं होतं,” त्या म्हणाल्या. मी म्हटलं, माहीत आहे. “पण हे चार शेजारी शेजारी लावले, आणि माझ्याकडे येणारा प्रत्येक जण विचारतोय, हा माणूस कोण? मी चारही घेतेय. पुढच्या वर्षासाठी काय काढणार आहेस?”

प्रदर्शनाला बाबा त्यांचा चांगला जेलाबा, तो टोपीवाला लांब झगा, घालून आले. पहिले तीन फोटो त्यांनी लाकूड पारखावं तसे पाहिले. चौथ्यापुढे उभे राहिले ते हलेनात. बर्फाचा उतार, वर ताऱ्यांची वर्तुळं, आणि पिवळी रेघ खाली येते, येताना जाड होत जाते, आणि फोटोच्या खालच्या कडेला संपते.

“पुढे कुठे जाते ही?” त्यांनी विचारलं.

“पुढे मी उभी होते, बाबा.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पुन्हा फोटोकडे पाहिलं.

“आणि आता?”

“शुक्रवारी आपल्याकडे येणार आहे. कुसकुस खायला. त्याच्या आईला घेऊन.”

“रिकाम्या हाती?”

“नाही,” मी म्हटलं. कान गरम झाले होते माझे.

बाबा जेलाब्याची टोपी सारखी करत म्हणाले, “घरी गेल्यावर आईला सांग, साखर फोडायची हातोडी शोधून ठेव.”